मंगलाबाईंचा केसपेपर

"मना कागद आठेच शे," मंगलाबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या. कागद इथंच आहे असं त्या सांगत होत्या, आणि कॉम्प्युटर म्हणत होता, या नावाचा पेशंटच नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट, गुजरातेतल्या कतारगामच्या एका ट्रस्ट हॉस्पिटलातली. तिथलं सॉफ्टवेअर माझं. मंगलाबाई धुळ्याकडच्या, नवरा कापडाच्या लूमवर कामाला. पायाची जखम चिघळलेली, डॉक्टरांनी पेनिसिलिन लिहिलेलं. काउंटरवरचे रमेशभाई नवा केसपेपर करायला बसले. पण सिस्टर खमकी. बाईंच्या बोलण्यावर विश्वास ठेवून तिनं इंजेक्शन थांबवलं, फायलींच्या खोलीत जाऊन जुना पेपर हुडकला. त्यावर लाल शाईत लिहिलेलं: पेनिसिलिन देऊ नये. मागच्या खेपेला बाई मरता मरता वाचल्या होत्या.

मला बोलावणं आलं. दोन दिवस डोकं खाजवलं. सरला सापडे, मंगला नाही. गंगा नाही, चंपा नाही. टिंबवाली नावं फाइलीत होती, पण शोधली की गायब.

इंडेक्स म्हणजे क्रमानं लावलेली नावांची यादी. कॉम्प्युटर ती मधोमध उघडतो आणि नाव मागं असेल की पुढं, ते ठरवतो. महिन्यापूर्वी मी गुजराती अक्षरांचं नवं व्हर्जन टाकलं होतं. जुन्या नियमात टिंबवालं अक्षर बिनटिंबाच्या आधी, नव्यात नंतर. यादी जुन्या नियमाची, शोध नव्या नियमानं. मग मशीन भलतीकडे जाणार, दुसरं काय! महिनाभर कुणी तक्रारही केली नाही. नाव सापडलं नाही की नवा पेपर काढायचा, डोक्याला ताप नको.

व्हर्जनसोबत एक कागद आला होता: क्रम बदलला आहे, इंडेक्स पुन्हा बांधा. तो माझ्या ड्रॉवरमध्ये होता. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. फार लाज वाटली.

इंडेक्स पुन्हा बांधला. शिवाय नियमाचा व्हर्जन नंबर इंडेक्समध्येच लिहून ठेवला. रोज सकाळी प्रोग्राम तो ताडून बघणार, जुळला नाही तर काम बंद.

आमच्या कंपनीचे साहेब वैतागले. "काउंटर अडलं तर ट्रस्टी मला धरतील. नुसती सूचना दाखव ना."

"सूचना मीही वाचली नव्हती, साहेब."

तपासणी आहे तशीच राहिली.

आठवड्यानं मंगलाबाई ड्रेसिंगला आल्या. मला काउंटरवर बघून म्हणाल्या, "आते सापडसू ना मी?"

मी नाव टाकलं. आलं. त्यांना गुजराती वाचता येत नव्हतं, म्हणून वाचून दाखवलं. नाव, गाव आणि खाली मीच चढवलेली पेनिसिलिनची ओळ. ती त्यांनी पुन्हा वाचायला लावली.

तेव्हापासून सोबत आलेला कागद आधी वाचतो. कंटाळा येतो, पण वाचतो.