दानपत्रातला डोंगरावरचा आठवडा

गुणवंतराव शाळेच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून वांगी चिरत होते, आणि दर दोन वांग्यांनंतर मान वर करून माझ्याकडे बघत होते. माझ्या मांडीवरच्या बॅगेत स्टॅम्प पेपरवर टाइप केलेलं दानपत्र होतं. मार्च संपायला दोनच दिवस उरले होते.

"का जी वकीलसाहेब," ते म्हणाले, "दान देनारा मीच, अन् वांगे बी मीच चिरू?"

"इथली पद्धत आहे ती. दात्यानं आधी एक दिवस इथं राहायचं, पडेल ते काम करायचं. मग दान."

"दुकान बंद ठेवून आलो ना मी. लवकर सही करा म्हना इथल्या ताईले."

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी वर्ध्यात इन्कमटॅक्सची कामं करत असे. गुणवंतराव आर्वीचे. घरची शेती भाऊ बघायचे, आणि यांचं ऑइल इंजिन आणि पंपाच्या स्पेअर पार्टचं दुकान. माझ्याकडचे ते सगळ्यात मोठे क्लायंट. माणूस रोखठोक, पण एकदा विश्वास टाकला की डोळे मिटून सही करणारा.

द्यायची वस्तू होती टाइमशेअर. हा प्रकार तेव्हा मलाही नवा होता. थंड हवेच्या ठिकाणी एक कंपनी बंगले बांधते. बंगला तुमचा नसतो. वर्षातला एक ठरलेला आठवडा तेवढा तुमचा. त्यासाठी एकदाच मोठी रक्कम भरायची, आणि वर दरसाल देखभालीचं बिल. तुम्ही जा किंवा जाऊ नका, बिल येणारच. आणि करार नव्याण्णव वर्षांचा.

नागपूरच्या एका हॉटेलात कंपनीच्या माणसानं गुणवंतरावांना डोंगर-दऱ्यांच्या स्लाइड दाखवल्या, काजूकतली खाऊ घातली आणि नोव्हेंबरचा दुसरा आठवडा गळ्यात मारला. आता नोव्हेंबर म्हणजे गव्हाच्या ओलिताचे दिवस. अर्ध्या तालुक्यातली नादुरुस्त इंजिनं तेव्हा त्यांच्या दुकानापुढे येऊन पडतात. तीन वर्षांत ते एकदाही गेले नाहीत. त्यांच्या पत्नी शकुंतलावहिनींनी डोंगरावरच्या थंडीसाठी विणलेला स्वेटर ट्रंकेतच राहिला.

"हे झंझट काढा माह्या गळ्यातून," असं म्हणत ते माझ्याकडे आले होते. कंपनी परत घेईना. विकायला काढलं तर आर्वीत लोक हसले. हवेतला आठवडा कोण घेणार? तेव्हा मी ऐटीत म्हणालो, "दान करा ना. ऐंशी-जीची सूट मिळेल."

ऐंशी-जी हे इन्कमटॅक्सच्या कायद्यातलं कलम. सरकारमान्य धर्मादाय संस्थेला देणगी दिली, की साधारण तिच्या निम्मी रक्कम तुमच्या उत्पन्नातून वजा होते आणि टॅक्स उरलेल्यावर लागतो. त्या वर्षात सूट हवी तर देणगी मार्चअखेर द्यायची.

"पक्कं का?" गुणवंतरावांनी विचारलं.

"पक्कं," मी म्हणालो. कायद्याचं पुस्तक माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होतं. मी ते उघडलं नाही.

संस्था मीच सुचवली. सिंदी मेघेच्या पलीकडे, तेव्हा सगळी शेतंच होती तिथं, मूकबधिर मुलांची एक निवासी शाळा होती. सुमनताई ती चालवायच्या. साठीच्या, खादीचं लुगडं, आवाज कधी चढायचा नाही. एक दिवस राहण्याची पद्धत त्यांचीच. देणाऱ्यानं आपण कोणाला देतो ते बघावं, एवढंच त्यांचं म्हणणं. मोठमोठ्या माणसांनी तिथं ताटं घासल्याचं मी ऐकलं होतं.

तर गुणवंतराव वांगी चिरत होते, आणि सुमनताई व्हरांड्यात माझं दानपत्र वाचत होत्या. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी मला धान्याच्या कोठीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"इथं 'सर्व हक्क व जबाबदाऱ्यांसह' असं लिहिलंत. कोणत्या जबाबदाऱ्या?"

"ती भाषाच असते हो, ताई. प्रत्येक दानपत्रात असते."

"असेल. पण या दानपत्रात कोणत्या?"

मी ती ओळ पुन्हा वाचली. देखभालीचं बिल. दानपत्रावर सही झाली की ते बिल दरसाल शाळेच्या नावानं येणार होतं. जिथं महिन्याचं तेल-मीठ जुळवताना बाईंची दमछाक व्हायची, तिथं मी शहाण्णव वर्षांचं ओझं आणून ठेवत होतो, वर उपकार केल्याच्या थाटात.

"आणि आणखी एक," सुमनताई म्हणाल्या. "मागं एका गृहस्थांनी आम्हाला गाय दिली होती. चांगली दुभती. त्यांनी तिची किंमत रिटर्नमध्ये दाखवून सूट मागितली. ऑफिसरनं कापली. म्हणाला, सूट पैशाच्या देणगीला आहे, वस्तूला नाही. बिचारे फार हिरमुसले. तेव्हापासून मी आधीच सांगते सगळ्यांना. तुम्हाला तर ठाऊक असेलच म्हणा."

कलमाखाली तसं स्पष्टीकरण होतं. परीक्षेसाठी मी ते पाठ केलं होतं आणि नंतर साफ विसरलो होतो. 'ठाऊक असेलच' म्हणून बाईंनी मला निसटायला वाट करून दिली होती. नुसतं हो म्हटलं असतं तर भागलं असतं.

"नाही, ताई. विसरलो होतो मी."

त्यांनी दानपत्राची नीट घडी करून माझ्या हातात दिली. "त्यांना तुम्ही सांगता की मी सांगू?"

"मीच सांगतो."

दार लोटून घेतलं होतं ते माझ्यासाठी, हे मला तेव्हा कळलं. क्लायंटसमोर त्यांनी मला उघडं पाडलं नाही. आईनंच असं पोटात घालावं.

स्वयंपाकघरात आलो तर गुणवंतराव नाहीत. चिरलेली वांगी पाण्यात. मागच्या विहिरीकडून धडधड ऐकू आली. शाळेचं इंजिन चार दिवसांपासून बंद होतं. ते आता सुरू होतं, आणि गुणवंतराव कोपरापर्यंत काळे झाले होते. भोवती मुलं. ऐकू येत नाही ना, म्हणून सगळ्यांनी पाण्याच्या पाइपवर तळहात टेकवले होते आणि थरथर लागली की एकमेकांकडे बघून हसत होती. गुणवंतरावही हात टेकवून उभे होते.

"नोझल चोक होतं," ते मला ओरडून म्हणाले. "चार दिवसापासून लेकरं बादलीनं पानी वाहून राह्यले, अन् कोनी सांगितलं नाई."

मी त्यांना बाजूला घेतलं. "गुणवंतराव, मी चुकलो. या दानावर सूट मिळत नाही. फक्त पैशाच्या देणगीवर मिळते."

त्यांनी बराच वेळ हात पुसले. "तुम्ही पक्कं म्हनलं होतं."

"हो."

"मंग माह्या रिटर्नातल्या बाकीच्या गोष्टी बी अशाच पक्क्या हायेत का?"

हे फार लागलं. पण त्यांचं काय चुकलं? "सगळी जुनी रिटर्नं पुन्हा तपासून देतो. फी घेणार नाही," मी म्हणालो. "आणि दुसरं. सही झाली तर ते देखभालीचं बिल शाळेला येईल."

ते खाली बघायला लागले. "ते मले ठाऊक होतं. मले वाटलं, संस्था हाय, भरन कुठून बी." मग पाइपवरच्या मुलांकडे बघून त्यांनी विचारलं, "किती वर्षं?"

"शहाण्णव."

ते परत मुलांजवळ जाऊन पाइपवर हात टेकवून उभे राहिले.

पंगतीत सुमनताईंनी त्यांना वांग्याची भाजी दोनदा वाढली. जेवता जेवता गुणवंतरावांनी विचारलं, "ताई, दिवाळीच्या सुट्टीत हे लेकरं घरी जाते का?"

"बहुतेक जातात. पाचजण इथंच राहतात. त्यांना न्यायला कोणी येत नाही."

"सुट्टी कधी?"

"दिवाळीपासून पुढचे तीन आठवडे. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत धरा."

गुणवंतरावांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "मंग वकीलसाहेब, तो कागद फाडा. आठवडा माह्याच नावावर राहू द्या. बिल मी भरतो. हे पाच लेकरं जातीन तिथं, दरसाल."

"आणि तुम्ही?" सुमनताईंनी विचारलं.

"माह्या मागं इंजिनं लागले ना, ताई."

"दात्यानं एक दिवस आमच्या मुलांबरोबर राहायचं, ही इथली पद्धत आहे," सुमनताई शांतपणे म्हणाल्या. "डोंगरावरही तीच चालेल. सौभाग्यवतींनाही आणा."

गुणवंतराव मोठ्यानं हसले. "हे बाई मले काही सोडत नाई," असं ते मला म्हणाले आणि ताट घासायला उठले.

नोव्हेंबरात आर्वीच्या दुकानाला आठ दिवस कुलूप लागलं. एका दिवसासाठी गेलेला माणूस आठवडाभर राहिला. वहिनींचा स्वेटर ट्रंकेतून निघाला तो एका मुलीच्या अंगावर गेला, आणि वहिनींनी तिथं बसून आणखी चार विणायला घेतले.

हिशेबापुरतं सांगतो. आठवडा वापरायला दिला, त्यावर सूट नाही. देखभालीच्या बिलावर सूट नाही. मुलांच्या प्रवासासाठी गुणवंतरावांनी शाळेला चेक दिला, त्याची रीतसर पावती घेतली, आणि सूट मिळाली ती एवढ्याच रकमेच्या निम्म्यावर. म्हणजे एवढ्या खटाटोपात माझ्या विद्येचा उपयोग झाला तो एस.टी.च्या अर्ध्या तिकिटापुरता.

जुनी रिटर्नं मी तपासली. एक बेरीज सोडली तर ठीक निघाली. गुणवंतराव शेवटपर्यंत माझेच क्लायंट राहिले, याबद्दल मी त्यांचे आणि कोठीचं दार लोटून घेणाऱ्या त्या बाईंचे आभार मानतो. मी निवृत्त होईपर्यंत दर मार्चमध्ये ते समोर बसून हसत विचारायचे, "पक्कं का?" आणि मी म्हणायचो, "थांबा, पुस्तक बघतो."