कोपऱ्यातली बारीक अक्षरं
दूधवाल्या काकूंच्या स्वच्छ दुकानाचं कौतुक एका वाहिनीने पूर्वी दाखवलं होतं. परवा दुसऱ्याच गावातल्या दूधभेसळीच्या बातमीत तिने तीच जुनी दृश्यं फिरवली. कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘संग्रहित दृश्य’ लिहिलं होतं, पण ते वाचतो कोण? दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाईक तुटलं. मोबाइलवर ती बातमी थांबवून काकू येणाऱ्याजाणाऱ्याला तो कोपरा दाखवू लागल्या.

“अक्षरांचं काय घेऊन बसलात, काकू? दुकान तर तुमचंच आहे ना!” शेजारीण म्हणाली.

संध्याकाळी उरलेलं दूध काकूंनी घरी आणलं, तापवलं आणि पेला सासूबाईंपुढे ठेवला. इतकी वर्षं त्यांच्याच हातचं दूध प्यायलेल्या सासूबाईंनी तो आधी नाकाशी नेला.