आरशाकडे पाठ केलेली खुर्ची

एस्तरमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी नोएडात एका कंपनीच्या गेटसमोर पत्रकं वाटत होते. जानेवारीतली दुपार, धुकं जेमतेम फाटलेलं, आणि बोटं इतकी आखडलेली की पत्रकं एकमेकांपासून सुटत नव्हती. फोनवर काका होते, मावशीचे मिस्टर. "अगं, एस्तर गेली," ते म्हणाले, "दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये जरा बसते म्हणाली... आणि मग उठलीच नाही." मी काय बोलले ते आठवत नाही. हातातला गठ्ठा समोर आलेल्या माणसाला अख्खाच्या अख्खा दिला, एवढं आठवतं. तो बिचारा गठ्ठा धरून तसाच उभा राहिला.

संध्याकाळी आमच्या इथल्या मराठी लोकांच्या ग्रुपवर शोकसंदेश आला. "ब्यूटी पार्लर चालवण्याची हौस असलेल्या आपल्या भगिनी..." हौस! माझं डोकंच सटकलं. तेवीस वर्षं उभ्यानं काम करून ज्या बाईच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरांचं जाळं उठलं, तिची हौस? गवई गेला की त्याची तपश्चर्या असते, प्राध्यापक गेला की त्याचा व्यासंग असतो, आणि केस कापणारी बाई गेली की तिची हौस असते. मी ग्रुपवर चार ओळी फटकारून लिहिल्या आणि पुसल्या. मावशीनं वाचलं असतं तर म्हणाली असती, "एवढं लांब? कमी कर थोडं." म्हणून जरा थांबून, पाच आठवड्यांनी हे लिहितेय.

मावशी मूळची नगरची, मराठी ख्रिश्चन घरातली. काकांची सेंट्रल गव्हर्नमेंटची नोकरी, बदली दिल्लीला झाली आणि ती दोघं गाझियाबादला आली ती कायमची. घराजवळच्या मार्केटात पहिल्या मजल्यावर तिचं पार्लर होतं. दोन खुर्च्या, एक पडदा, एक खिडकी. खाली झेरॉक्सचं दुकान. माझी सगळी पत्रकं तिथंच निघायची, म्हणून मी तिथं. मी एकोणीस वर्षांची होते, कॉलेजातल्या मुलींच्या एका गटात नुकतीच शिरलेली, आणि माझं पहिलं पत्रक होतं 'आईना तोड़ो'. झेरॉक्स काढली आणि सगळ्यात पहिली प्रत मुद्दाम पार्लरच्या जिन्यात चिकटवली. शत्रूच्या दारात! वरून एक ठेंगणी, जाड भिंगांची बाई खाली आली, तिनं पत्रक शांतपणे शेवटपर्यंत वाचलं आणि मला मराठीत विचारलं, "देशपांड्यांची ना तू? अगं, एकाच टोकाला टेप लावलीस, वाऱ्यानं उडेल. वर ये, टेप देते."

वर गेले आणि अडकले. तिची कामाची पद्धत मी दुसरीकडे कुठंच पाहिली नाही, आणि त्यानंतर हट्टानं दिल्लीतली बरीच पार्लरं पाहिली आहेत. नवं गिऱ्हाईक आलं की मावशी खुर्ची फिरवून त्याची पाठ आरशाकडे करायची, तोंड खिडकीकडे. मग हातात कंगवा द्यायची आणि म्हणायची, "रोज सकाळी घाईत जसे विंचरतेस, तसे विंचर. मी बघते." आणि खरंच, हाताची घडी घालून बघत राहायची. केसांकडे नाही, हातांकडे. लोक आधी फोनमधला फोटो पुढे करायचे, असे पाहिजेत, तसे पाहिजेत. ती म्हणायची, "फोटो नंतर. आधी विंचर." मला एकदा तिनं सांगितलं होतं, "माणूस तोंडानं फोटो सांगतो, पण हात जिथं बोचतं तिथं जातो. एकदा जातो, दोनदा जातो... तिसऱ्यांदा गेला की मला कळतं." तेवढं कळलं की ती एकच प्रश्न विचारायची. "हे झाकू, की मोकळं सोडू?" आणि उत्तर काहीही आलं तरी तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही.

आमच्या कॉलनीतल्या कुलकर्णीकाकूंचा हात दर वेळी डाव्या कानाकडे जायचा, कानातलं मशीन होतं. मावशीनं विचारलं, काकू म्हणाल्या, झाक. तिनं अशी सफाईनं एक बट वळवून दिली की खुद्द कुलकर्णीकाकांनासुद्धा वर्षभर मशीनचा विसर पडला. दोन वर्षांनी काकू आल्या त्या खुर्चीत बसता बसताच म्हणाल्या, "एस्तर, आता सोड मोकळं. लोकांना मशीन दिसलं तर निदान ओरडून तरी बोलतील." मावशी हसली आणि कापायला लागली. दोन्ही वेळा तेवढंच मन लावून. मी बघत होते... मला हे जमलं नसतं. मी पहिल्याच दिवशी काकूंना भाषण दिलं असतं.

आता माझं. मी डोक्याला लाल रुमाल बांधते, हे मला ओळखणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. मोर्च्यात लांबून मी त्या रुमालानं ओळखू येते. लोकांना वाटतं ती माझी बंडखोरी. पहिल्यांदा खुर्चीत बसवलं तेव्हा मावशीनं रुमाल काढायला सांगितला, मी नाही म्हटलं. "बरं," म्हणाली आणि रुमालाखालून जेवढे केस बाहेर होते तेवढेच नीट केले. असं तीनदा झालं. चौथ्यांदा मीच रुमाल काढून मांडीवर ठेवला. डोक्यावर मधोमध लिंबाएवढा गोल चट्टा, पूर्ण गुळगुळीत, आणि मागे दोन लहान. तिनं खिडकीच्या उजेडात बघितलं. "चाई आहे. डॉक्टरकडे जातेस?" मी म्हटलं, इंजेक्शनं चालू आहेत. "मग ते त्यांचं काम. माझं काम कापण्याचं." कांद्याचा रस नाही, तेल नाही, हाय-हुय नाही. मग तोच प्रश्न. झाकू, की मोकळं सोडू? मी पुटपुटले, झाक. मुलींना 'जशा आहात तशा समोर या' असं माईकवरून सांगणारी मी. तिला माझी पत्रकं पाठ होती, तरी एका शब्दानं तिनं मला चिमटा काढला नाही. मोठे केस चट्ट्यावर आणून दिले, रुमाल स्वतःच्या हातानं बांधला. हे मी आज पहिल्यांदा लिहितेय.

भांडणं मात्र आमची खूप झाली. एक कुरळ्या केसांची मुलगी लग्नाच्या आदल्या दिवशी केस सरळ करून घ्यायला आली, सासूला कुरळे नको होते. मला वाटलं, मावशी आता सुनावणार. तिनं मशीन तापवलं. मुलगी गेल्यावर मी म्हटलं, "मावशी, तुम्ही गुलामी विकता, गुलामी!" ती कंगवे धूत होती. "अच्छा? मग तू तिला उद्या राहायला तुझ्या घरी नेणार होतीस का?" तिनं कंगवा झटकला. "तिला भांडायचं असेल तेव्हा ती भांडेल. तिच्या डोक्यावरून तुझा मोर्चा कशाला काढतेस, यार?" मावशी 'यार' म्हणाली की समजायचं, विषय संपला.

मला वाटलं होतं मी शिकले. काही शिकले नव्हते. तीन वर्षांपूर्वी मी जे केलं ते सांगितल्याशिवाय मावशी कळायची नाही, म्हणून सांगते. पार्लरमध्ये महिन्यातून दोनदा एक बाई यायची. तिला इथं मी ज्योती म्हणते, ते तिचं नाव नाही. नोएडात रिसेप्शनवर होती. एका आजारपणानंतर तिचे वरचे केस फार विरळ झाले होते, आणि मावशी तिला पडद्याआड केसांचा पॅच बसवून द्यायची, खऱ्या केसांचा, क्लिपांनी अडकवायचा, पंधरवड्यानं उतरवून पुन्हा बसवायचा. एक दिवस पडदा नीट ओढलेला नव्हता, आणि मी वाट बघत बाहेर बसले होते. मी पाहिलं. आणि पंधरा दिवसांनी ऑफिसांमधल्या दिसण्याच्या सक्तीवर आमचं जे पत्रक निघालं, त्यात मी तिला घातली. नाव नाही लिहिलं. पण तिचं काम लिहिलं, मुलं किती ते लिहिलं, चेहऱ्यावरची एक खूण लिहिली. ती कोणती होती, ते आता लिहिणार नाही. मला ते फार धारदार वाटलं होतं. 'नकली बाल, असली शोषण'. ही पत्रकं मी नोएडाच्या मेट्रो स्टेशनबाहेर वाटली. तिच्याच ऑफिसातल्या कुणीतरी एक तिच्या टेबलावर आणून ठेवलं. खुणेवर गोल काढून.

पुढच्या शनिवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग मावशीला कुठून तरी ते पत्रक मिळालं. मी गेले तेव्हा तिनं दाराला आतून कडी लावली आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत स्वतः बसली. तिला तिथं बसलेली मी कधीच पाहिली नव्हती. "वाच," म्हणाली. मी वाचायला लागले. खुणेच्या ओळीशी थांबले. "वाच ना. छान लिहिलंयस." "मावशी, मी नाव नाही..." "बाईला ओळखायला नाव लागतं का गं?" तिनं माझ्या हातातून पत्रक काढून घेतलं. खाली झेरॉक्स मशीन चालू होतं. "तू स्वतःचं झाक, खुशाल झाक, मी जन्मभर बांधून देईन. पण स्वतःचं झाकून दुसरीचं उघडं करायचं, हे तुमच्या कुठल्या चळवळीत बसतं, ते मला सांग." मी रडायला लागले आणि म्हटलं, मी जाते तिच्याकडे, आत्ता जाते, पाया पडते. "मुळीच नाही," ती म्हणाली. "माफी मागून तुला हलकं वाटेल. तिला काय मिळेल? तिनं बोलावलं तर जायचं. नाही बोलावलं तर... नाही."

आणि मग तिनं काय केलं? मंगळवार तिचा सुट्टीचा दिवस, आठवड्यातला एकच. त्या आठवड्यापासून महिन्यातले दोन मंगळवार ती पिशवीत सामान घेऊन, रिक्षा-मेट्रो-रिक्षा करत ज्योतीच्या घरी जायला लागली. जूनच्या उन्हात, धुरानं भरलेल्या नोव्हेंबरात, गुडघा सुजलेला असताना. तीन वर्षं. ज्योतीनं ती नोकरी सोडली, दुसरी धरली. मावशी नव्या पत्त्यावर जात राहिली. मला यातलं ती काहीच सांगायची नाही. मला काकांकडून कळायचं. मी एकदा विचारलं, ती काही म्हणते का माझ्याबद्दल? "नाही," मावशी म्हणाली आणि माझ्या मानेवरचे केस झटकले. मी पुष्कळ मोठमोठी माणसं जवळून पाहिली आहेत, व्यासपीठावरची, तुरुंगात जाऊन आलेली. पण कुणाच्यातरी चुकीची भरपाई स्वतःच्या पायांनी, इतक्या गुपचूप करणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. मला अजून कळत नाही, एवढ्याशा बाईत ते मावत कुठं होतं.

मावशीला पुरलं त्या दिवशी ज्योती आली होती. लांब उभी होती, माझ्याकडे पाहिलं नाही. मीही पुढे झाले नाही. सांगितलंच होतं ना, बोलावलं तर.

मागच्या आठवड्यात काका पार्लर रिकामं करत होते, मी मदतीला गेले होते. खोक्यांमध्ये बसलेली असताना जिन्यात पावलं वाजली. ज्योती. दुपट्टा डोक्यावरून घट्ट घेतलेला. काका मुकाट्यानं चहा सांगायला खाली गेले. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "माफ़ नहीं किया है तुम्हें. पहले ही बता दूँ." मी मान हलवली. "परसों ननद की शादी है. पीछे की क्लिप मुझसे नहीं लगती." मी म्हटलं, मला येत नाही, मी कधीच... "मुझे आता है. मैं बोलती जाऊँगी, तुम करती जाना."

ती खुर्चीत बसली. मी पडदा नीट ओढला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मग दाराची कडीही लावली. तिनं दुपट्टा खाली घेतला. मी हात पुढे केला तशी ती दचकून बाजूला सरली. "ऐसे नहीं. दीदी पहले हाथ गरम करती थीं." मला हे माहीत नव्हतं. पाच वर्षं त्या हातांखाली बसून मला कधी कळलंच नाही की ते गार का नसायचे. मी तळवे एकमेकांवर चोळले. "और," ती म्हणाली. मी आणखी चोळले. "अब." तिनं डोळे मिटले, मी हात ठेवला, आणि ती एकेक क्लिप सांगत गेली, बाएँ वाली, ऊपर, इतनी कसके नहीं... दोनदा चुकले, दोनदा काढायला लावलं. सगळं झाल्यावर तिनं उठून आरशात बघितलं, मान इकडे, मान तिकडे. मग दुपट्टा खांद्यावर टाकला.

हा मजकूर छापायला देण्याआधी मी तिला फोनवर अख्खा वाचून दाखवला. "लिखो," म्हणाली. "घर का पता मत लिखना." मग जरा थांबून, "उतारने कब आऊँ?" मी म्हटलं, पार्लर तर आता बंद झालं, मी येते. तिच्या मागे कुठंतरी कुकरची शिट्टी झाली, मुलं भांडत होती.

"मंगल को," ती म्हणाली.