सतरा कामं माह्या नावावर

हसा, पण चहा सांडू नका. माह्या हातून जे झालं ना, ते ऐकून आधी हसूच येते. मलेही आलं होतं, तक्ता भरताना!

मी मानोऱ्याच्या एका सरकारी ऑफिसात क्लार्क. ऑफिस म्हणजे काय, आठवड्यातून एकदा येणारे साहेब, एक मी, अन् आमचे शिपाई रफिकभाई. वीस वर्षं आमी दोघांनीच ते ऑफिस ओढलं. खरं सांगू? मी कमी, त्यायनंच जास्त. कुलूप उघडा, पाणी भरा, टपाल घ्या, रजिस्टरमंदी नोंदवा, जुनी फाईल हुडका. अक्षर तं माह्यापेक्षा बेस!

त्यायची अडचण एकच. ऑफिसच्या मागच्या गल्लीत त्यायची म्हातारी अम्मी अंथरुणाले खिळलेली. बायको वारली, पोरगी सासरी. सकाळ-संध्याकाळ शेजारची खाला पाहे, पण दुपारी ती वावरात. म्हणून बरोबर एक वाजता रफिकभाई उठत, अम्मीले खिचडी चारत, अन् दीडले परत येत.

तं झालं काय, आमचं खातं दुसऱ्या खात्यात मिसळायचं ठरलं. नवा आकृतिबंध! म्हणजे कोणत्या ऑफिसात किती माणसं ठेवायची अन् किती काढायची, ते नव्यानं ठरणार. वरून तक्ता आला: कोण काय काम करते, लिवून पाठवा.

मी घाबरली. रफिकभाई म्हणे, "ताई, भेता कायले? आपल्याकडं किती लोड हाये ते दाखवा. लोड पाहून अजून एक माणूस देतीन!"

मले पटलं ना, बाप्पा! आमच्या ऑफिसात पंखा आला तोही चार वर्षं रडून-भेकून. मले वाटलं, माणूसही तसाच भेटते.

"टपालाची नोंद कोणाच्या नावावर लिवू?"

"तुमच्या. शिपाई रजिस्टर लिवते म्हटलं तं साहेब अडचणीत येतीन."

"जुन्या फायली?"

"तुमच्याच."

"कुलूप उघडणं? पाणी भरणं?"

"तेही टाका! बाईमाणूस पाणीबी भरते म्हटल्यावर वरच्या लोकाईले कीव नाही येनार का?"

आमी दोघं हसून हसून बेजार. सतरा कामं झाली माह्या नावावर. रफिकभाईच्या रकान्यात काहीतरी पाह्यजे म्हणून लिवलं, 'इतर कामात मदत'. खाली मी सही ठोकली. शिक्का त्यायनंच मारला, फुंकर घालून वाळवला.

दोन महिन्यांनी आदेश आला. 'सदर कार्यालयाचे संपूर्ण कामकाज एकच कर्मचारी समर्थपणे सांभाळत असल्याने शिपायाचे पद अतिरिक्त ठरविण्यात येत आहे.' रफिकभाईची रवानगी रिसोडले. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाले!

माय वं! लगेच वर लिवलं, तक्ता चुकला म्हणून. उत्तरात काय आलं? माह्याच सहीच्या तक्त्याची झेरॉक्स.

जायच्या दिवशी रफिकभाईनं किल्ल्या माह्या टेबलावर ठेवल्या. "ताई, मधलं कुलूप अडते. किल्ली जराशी वर उचलून फिरवा." मंग दारात थांबले. "अम्मीले काही सांगतलं नाही म्या. तिले दिवसाचा मेळ राह्यत नाही. शनिवारी येतच जाईन."

ते गेल्यावर मी फायलीच्या कपाटामागं जाऊन रडली.

सोमवारी दहाले गेली तं ऑफिसले कुलूप. अर्धा घंटा पायरीवर बसली, अन् मनातल्या मनात चिडून राह्यली का रफिकभाईले आज इतका उशीर कसा! इंझोरीहून एक आजोबा अर्ज घेऊन आले.

"काहून बंद हाये, बाई?"

"शिपाई नाही आला अजून," मी म्हतलं. अन् घाम पुसाले रुमाल काढाले गेली, तं पर्समंदी हाताले किल्ल्या लागल्या. आजोबा पाहूनच राह्यले माह्याकडं.

त्या दिवशी एक वाजता मी उठली. खिचडीचा डबा घेतला अन् मागच्या गल्लीत गेली. हे अठरावं काम. हे आमी तक्त्यात टाकलंच नव्हतं.

अम्मीले दिसते कमी. तिले वाटलं, खालाची सून आली. दोन घास खाऊन विचारलं, "रफिक नहीं आया?"

"ऑफिस में काम बहुत है, अम्मी."

अम्मीनं माह्या हातचा चमचा बाजूले सारला. "सारा काम मेरे बच्चे के ऊपर! वो मॅडम है ना उधर, वो कुछ नहीं करती क्या?"

मी चमचा पुन्हा भरला.

"करती है ना, अम्मी," मी म्हतलं. "दस्तखत करती है."