एसटीच्या टपावरचं शेणखत
मुरलेल्या शेणखताचा वास आला, की दुष्काळ सरल्यावर, चौऱ्याहत्तरच्या सुमारास, माझे वडील उंब्रजला आले होते ते आठवतं. माझं सासर तिथलं, उसाचं. रानात पांढऱ्या रासायनिक खताची पोती पडायची आणि उकिरडा तसाच कुजायचा. माहेर कवठे महांकाळकडचं कोरडवाहू, तिथं पाटीभर शेणखतसुद्धा जपून टाकायचे. वडिलांनी आल्या आल्या उकिरड्याचं काळं पाणी ओढ्याला जाताना बघितलं, नवं धोतर वर खोचलं आणि खोऱ्यानं बांध घालू लागले. सासरे धावले, "आवं पावनं, ठिवा ते! गाव काय म्हनंल?" "म्हनू द्या. आमी जनावरं छावणीत जगवली, आन् तुमी खत वड्याला सोडताय?" मी लाजेनं वैतागून वडिलांवर ओरडले, "दादा, हितं तरी गप बसा!" त्यांनी खोरं टाकलं. निघताना आहेर नाकारून दोन पोती खत मागितलं आणि कंडक्टरशी भांडून ते एसटीच्या टपावर चढवलं. शेजारणी आठवडाभर हसत होत्या. परवा आमच्या पाण्यानं आणि पांढऱ्या खतानं खारावलेल्या रानासाठी मुलानं ट्रकभर शेणखत आणलं. कुठून, विचारलं, तर माझ्याच माहेराकडून. जनावरं तिकडंच उरलीत म्हणे. ऐकलं आणि त्या दिवशी वडिलांवर ओरडले म्हणून मला माझाच संताप आला.