अर्ध्या मिनिटाचं बटण

कल्पना करा, तुम्ही बारा टनांचं घर घाटातून वर नेताय. पाठीमागे बिछाना, फ्रिज, कपाट, सगळा संसार. डावीकडून ट्रक पुढे जाताहेत, उजवीकडे लोखंडी कठडा, त्यापलीकडे दरी. समोर लाल दिवा लागतो, बझर किंचाळतो. अर्ध्या मिनिटात इंजिन स्वतःहून बंद पडणार. डॅशबोर्डवर एक छोटं बटण आहे. ते दाबलं की आणखी अर्धं मिनिट मिळतं. दाबाल?

वर्ना टिडवेलवर ही वेळ मे महिन्यात आली.

वर्ना सत्तरीची. नेब्रास्कातल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात तिचा जन्म गेला. पुढे तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, रॉस्कोनं, घर विकून ही जुनी डिझेल मोटरहोम घेतली. हिवाळा अॅरिझोनाच्या वाळवंटात, अशा गाड्यांच्या आमच्या तळावर, उन्हाळा उत्तरेला. रॉस्को गेल्यावर लेकीनं बोलावलं, पण ती गेली नाही. तिचं घर म्हणजे ही गाडी. दुसरं कुठलं नाही.

तळावरचे म्हातारे त्या बटणाला नावं ठेवायचे. ज्याला आपलं इंजिन कळत नाही त्यानं ते दाबावं, असा त्यांचा तोरा. रॉस्कोनं तर त्यावर चिकटपट्टीच मारली होती. तापलेलं इंजिन बंद पडण्यातच त्याचं भलं असतं, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण इंजिनाचं भलं वेगळं आणि आत बसलेल्यांचं वेगळं, हे त्याला सांगायचं तिचं राहून गेलं.

त्या दिवशी वर्ना उत्तरेला, फ्लॅगस्टाफकडे निघाली होती. शेजारी तळावरची मैत्रीण लुएला. घाटात तापमानाचा काटा चढायला लागला तसा वर्नानं एसी बंद करून हीटर पूर्ण सोडला; तेवढीच इंजिनाची उष्णता कमी होते. बाहेर भाजणारं ऊन, आत भट्टी. लुएलानं बूट काढले, मग मोजे. यापुढे काही काढलं तर ट्रकवाले बिचारे दरीत जातील, असंही तिनं बजावून ठेवलं.

आणि वळणावरच लाल दिवा लागला.

रस्ता आणि कठडा यांच्यामध्ये खडीचा एक चिंचोळा पट्टा होता. थांबण्याची खरी रुंद जागा वळणाच्या पलीकडे, आणखी वर. इंजिनाचा जोर ओसरू लागला. पाय तळाला टेकला तरी गाडी मागे ओढल्यासारखी. आरशात मागच्या ट्रकचं नुसतं नाक दिसत होतं.

"पट्टी काढ," वर्ना म्हणाली.

"रॉस्को काय म्हणेल?"

"रॉस्को मेलाय, लुएला. नखानं काढ."

उन्हानं पट्टी चिकटून बसली होती. लुएलाचं नख तुटलं, पण बटण मोकळं झालं. वर्नानं दाबलं. जोर परतला, बझर चालूच राहिला. खडीचा पट्टा शेजारून सरकत होता. तिथं थांबलो तर अर्धं घर ट्रकच्या वाटेत राहील, असं तिला वाटलं. पट्टा मागे पडला. गाडीत कूलंटचा गरम, गोडसर वास भरला. तिनं पुन्हा दाबलं.

"इंजिन जाईल गं," लुएला हळूच म्हणाली.

"जाऊ दे. तू घट्ट धरून बस."

तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा मागच्या टोकाला, जिथं इंजिन असतं, तिथं खडखडाट सुरू झाला, पातेल्यात खिळे घालून हलवावेत तसा. चाकं रुंद जागेत शिरली आणि एक करकरीत आवाज होऊन सगळं गप्प झालं. स्टिअरिंग दगडासारखं जड. तिनं दोन्ही हातांनी ते ओढून धरलं आणि ब्रेक दाबला. मागचा ट्रक भोंगा वाजवत निघून गेला.

गाडी ओढून तळावर आणली. तळावर गाड्या दुरुस्त करतो तो मी, तेव्हा इंजिनही मीच उघडलं. त्यात काही उरलं नव्हतं. आता ते घर पाण्याच्या टाकीजवळ उभं आहे, चाकांना ठोकळे लावून. उन्हाळ्यात सगळे उत्तरेला जातात, वर्ना तिथंच तापत राहते. बटण दाबायलाच नको होतं, असं म्हातारे तिच्या माघारी म्हणतात. तुमच्यापैकी कोणी त्या सीटवर नव्हतं, असं लुएलानं एकदा त्यांना तोंडावर सुनावलं.

मागच्या महिन्यात वर्ना लुएलाच्या गाडीतून त्या वळणावर जाऊन आली. खडीच्या पट्ट्याचं माप घ्यायचं होतं, पण ट्रकांनी उभंच राहू दिलं नाही. परत आली ती थेट माझ्याकडे.

"तू शिकलेला आहेस, खरं सांग," ती म्हणाली. "पहिल्यांदा दाबलं तेव्हाच वळवली असती, तर मावली असती का रे तिथं?"