रिकामे शंख

आमच्या खाऱ्या पाण्याच्या फिशटँकमध्ये प्रवाळांवर हिरव्या केसांसारखं शेवाळ माजलं होतं. ते खायला मी बारा गोगलगायी आणल्या. महिन्याभरात त्यांनी टाकी लख्ख केली आणि मी आल्यागेल्याला ती कौतुकाने दाखवू लागलो. आज काच पुसताना वाळूत चार रिकामे शंख दिसले. शेवाळ संपलं आणि त्या उपाशी मेल्या. टाकी साफ झाल्यावर त्या काय खातील, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

हात थांबला, आणि आईच्या देखभालीला ठेवलेल्या शांतामावशी आठवल्या. आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा आठ महिने आमच्याकडे राहून त्यांनी तिचं सगळं केलं. आई चालू लागली त्या दिवशी मी पेढे वाटले आणि मावशींना म्हणालो, "आता तुम्ही सुटलात."

"सुटले खरी," म्हणत त्यांनी पिशवी भरली. पुढे कुठे काम आहे का, हे मी विचारलं नाही.

"मागची काच राहिली की पुसायची," बायको म्हणाली.

"राहू दे हिरवी. उरलेल्या खातील."

मावशींचा नंबर फक्त आईच्या गोळ्यांच्या डब्यावर लिहिलेला होता. आई बरी झाल्याच्या आनंदात तो डबा मीच फेकून दिला.